खांदेदुखीच्या पेशंटचा हात बघायला लावणाऱ्या मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
स.न.वि.वि.

तासगाव-पलूस पट्ट्यात द्राक्षाची छाटणी लागली की दवाखान्यात खांदेदुखीची रांग लागते. बहुतेकांचा खांदाच दुखावलेला असतो. पण ज्याच्या हातून कात्री निसटते, त्यालाही ‘फ्रोझन शोल्डर’चा (आखडलेल्या खांद्याचा) शिक्का मारून मोकळं व्हायची रीत तुम्ही मोडलीत. त्याबद्दल मनापासून आभार.

तुमची पहिली पायरी बिनखर्चाची. दंड अंगालगत, कोपर काटकोनात, आणि पेशंटचा हात आपण बाहेर फिरवायचा. तिथंच अडला तर सांधा आखडलाय. सहज फिरला, पण त्याला स्वतःला जोर लावता येईना, तर नस दुखावलीय किंवा रोटेटर कफ (खांदा फिरवणाऱ्या स्नायूंचे पट्टे) फाटलाय. हात डोक्यावर ठेवून बरं वाटत असेल तर संशय मानेवर: अंगठ्यात मुंग्या म्हणजे मानेची सहावी नस (सी६), मधल्या बोटात सातवी (सी७), करंगळीत आठवी (सी८).

सगळ्यात कामाला आलं ते करंगळीचं. बधिरपणा कोपरातल्या अल्नर नसेचा की मानेतला? तळहात उताणा ठेवून अंगठा सरळ छताकडे उचलायला लावायचा आणि वरून दाबायचं. अल्नरमध्ये हा जोर शाबूत राहतो, मानेतल्या सी८-टी१ मध्ये (टी१ म्हणजे तिच्याच खालची नस) ढिला पडतो. बधिरपणा मनगटाच्या बराच वर चढला तर नुसत्या अल्नरवर भागवायचं नाही. कोपरामागची नस जाड लागली तर अंगावर बधिर चट्टा शोधायचा. कुष्ठरोग अजून गेलेला नाही. आणि विडी ओढणाऱ्याच्या हाताचं मांस झडलंय, त्याच बाजूची पापणी उतरलीय, तर मानेच्या एमआरआयची वाट न बघता आधी छातीचा एक्स-रे, फुफ्फुसाच्या टोकाला गाठ आहे का ते नीट बघून.

खांद्याच्या नसांना सूज आली की एका रात्रीत उठलेली भयंकर कळ काही दिवसांनी ओसरते आणि नेमका तेव्हाच हात लुळा पडतो. पेशंट म्हणतो, “आता बरं हाय.” अशाला भिंत ढकलायला लावून पाठीचं फरं (खांद्यामागचं चपटं हाड) बाहेर येतं का बघा, हे तुमचंच सांगणं.

ईएमजीची (स्नायूत सुई घालून करायच्या नसांच्या तपासणीची) घाई नको, हेही तुमचंच. सुईच्या तपासणीत बदल दिसायला साधारण ३ आठवडे लागतात. त्याआधीचा नॉर्मल रिपोर्ट पेशंटचे पैसे घालवतो आणि आपल्याला गाफील ठेवतो. मात्र दोन्ही हातांनी गुंड्या लागेनात, चाल लडबडायला लागली, तर मानेत मज्जारज्जू दबल्याचा संशय धरून त्याच दिवशी मिरजेला पाठवायचं.

चिठ्ठीत आता कोणतं बोट, कोणता जोर आणि कधीपासून, एवढं लिहूनच पेशंट तुमच्याकडे येईल.

आपले,
तासगाव-पलूस भागातले फॅमिली डॉक्टर