चेन्नईला दोन दिवस द्यावेत

माननीय संपादक,

दिवाळीच्या सुटीत आपल्याकडून रामेश्वर-कन्याकुमारीच्या सहली निघतात, परंतु त्यांत चेन्नईच्या वाट्याला बहुधा मरिना किनाऱ्यावरची एक संध्याकाळच येते. मराठी पर्यटकांनी तरी एवढ्यावर समाधान मानू नये.

१६३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला स्थानिक नायकाकडून किनाऱ्याची पट्टी मिळाली आणि तेथे सेंट जॉर्ज किल्ला उभा राहिला, म्हणून हे शहर इंग्रजांनी वसवले असे सरसकट म्हटले जाते. वास्तविक तिरुवल्लिकेणीचे पार्थसारथी मंदिर पल्लवकालीन आहे आणि मैलापूरची वस्ती त्याहूनही जुनी. या किल्ल्यात आज तमिळनाडूची विधानसभा व सचिवालय आहे. १६७७ च्या दक्षिण मोहिमेत शिवाजी महाराजांनी येथल्याच इंग्रजांकडून विषावरचे उतारे मागवले होते आणि इंग्रजांनी ते नजराणा म्हणून पाठवले. जवळच तंबू चेट्टी रस्त्यावरील कालिकांबाळ मंदिरात महाराजांनी ३ ऑक्टोबर १६७७ रोजी दर्शन घेतले, असे देवस्थान सांगते. परंपरा आणि समकालीन कागद यांतला फरक ध्यानात ठेवूनही तेथे जरूर जावे.

मरिनाची गोष्टही आपल्याला परकी नाही. साताऱ्याचे रेसिडेंट म्हणजे इंग्रजांचे प्रतिनिधी असलेल्या आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या जेम्स ग्रँट डफ यांचे पुत्र १८८१ ते १८८६ या काळात मद्रासचे गव्हर्नर होते. किनाऱ्यालगतचा फिरण्याचा रस्ता त्यांनीच बांधवून घेतला आणि ‘मरिना’ हे नावही त्यांनीच दिले. पित्याने या मुलाचे नाव मुंबईच्या गव्हर्नरावरून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ठेवले होते, हे साताऱ्यातही फारसे कोणाला ठाऊक नसते. याच शहरावर २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने तोफा डागून बंदरातील तेलाच्या टाक्या पेटवल्या होत्या.

मात्र दिवाळीची सुटी या शहरासाठी सोयीची नाही. आपला पाऊस परतल्यावर तेथे ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हाच त्याचा जोर असतो. त्यामुळे सहल-संयोजकांनी डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. मार्गळी महिन्यातील कर्नाटक संगीताच्या मैफलीही तेव्हा ऐकता येतात. आंध्रातील अमरावतीची शिल्पे आणि चोळकालीन कांस्यमूर्ती असलेले एग्मोरचे शासकीय संग्रहालय शुक्रवारी बंद असते, तेवढे पाहून दिवस ठरवावेत.

आपला,
एक वाचक, सातारा