भिंत नको, व्हॉल्व्ह बसवा : पुराच्या कामांबाबत समितीला पत्र

दि. १० मार्च २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापकीय समिती,
सिंहगड रस्ता, पुणे

विषय : विशेष सर्वसाधारण सभेपुढील ‘नदीकडील भिंत उंच करणे’ हा ठराव

अध्यक्षसाहेब, सप्रेम नमस्कार.

सभेची नोटीस मिळाली. आपल्या सोसायटीची मुठा नदीकडची भिंत चार फुटांनी वाढवायची आणि त्यासाठी घरटी वर्गणी काढायची, असा ठराव दिसतो. माझा त्याला विरोध आहे. वर्गणी द्यायला मी तयार आहे, पण ती भिंतीत घालायला नाही.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे पाणी कुठून शिरलं, हे अ विंगच्या तळमजल्यावर कोणालाही विचारा. नदी भिंतीला लागायच्या आधीच गेटजवळच्या चेंबरचं झाकण उचललं होतं आणि न्हाणीघरांच्या जाळ्यांतून काळं पाणी वर येत होतं. नदी फुगली की गटाराचं तोंड पाण्याखाली जातं आणि पाणी उलटं फिरतं. भिंत दहा फूट केली तरी ते आतूनच येणार. शिवाय पाणी ओसरताना तीच भिंत त्याला कोंडून ठेवणार.

भिंतीवरच्या रेट्याचाही हिशोब करा. एक मीटर पाणी साचलं, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर साधारण अर्ध्या टनाचा रेटा येतो. दोन मीटर साचलं, तर दोन टनांचा. उंची दुप्पट झाली की रेटा चौपट होतो. आपली भिंत बांधली ती हद्द दाखवायला, पाणी अडवायला नाही. तिच्यावर आणखी चार फूट चढवायला कोणत्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने होकार दिला, ते नोटिशीत कुठेच नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याच्या पुरात टांगेवाले कॉलनीत भिंत पडून माणसं गेली, हे आपल्या शहरातलंच उदाहरण आहे. शिवाय पूररेषेच्या आत नवं बांधकाम करायला परवानगी लागते, तिचाही उल्लेख नाही.

पूररेषेवरून आपल्या ग्रुपवर बरीच वादावादी झाली, म्हणून थोडं लिहितो. जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांमध्ये नवं बांधकाम जवळपास निषिद्ध आहे, निळ्या-लाल रेषांमध्ये अटींवर करता येतं. ‘२५ वर्षांतून एकदा’ याचा अर्थ ‘एकदा येऊन गेला, आता आपल्या हयातीत नाही’ असा कोणी काढू नये. दरवर्षी चार टक्के शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त भरते. पुनर्विकासाची बोलणी करायला बिल्डर येतात, त्यांच्याकडे कार्पेट एरियाच्या आधी पूररेषेचा नकाशा मागा. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे अशा जागी जोत्याची पातळी लाल रेषेच्या ०.४५ मीटर वर ठेवावी लागते. ही अट धरून आराखडा दाखवतात का, ते पाहा.

आता करायचं काय? सगळ्यात आधी ड्रेनेजच्या आणि पावसाळी पाण्याच्या बाहेर जाणाऱ्या लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बाहेर जाऊ देणारी पण उलटं आत न येऊ देणारी झडप. तो बसवून विसरून चालणार नाही. झडपेत कचरा अडकला की ती मिटत नाही, म्हणून मे महिन्यात उघडून साफ करणं वार्षिक देखभालीच्या करारातच घ्यावं. आणि व्हॉल्व्ह मिटला की आपलं स्वतःचं सांडपाणीही बाहेर जात नाही. त्या काही तासांत वरच्या मजल्यांनी नळ बंद ठेवले नाहीत, तर खालच्यांच्या घरात आपलीच घाण जाईल. हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवावं लागेल.

दुसरं काम मीटर रूमचं. मीटर आज कमरेएवढ्या उंचीवर आहेत. महावितरणकडे अर्ज करून परवानाधारक ठेकेदाराकडून ते वर घेता येतात. पुराच्या त्याच दिवशी डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत विजेच्या धक्क्याने तिघे गेले, त्यामुळे या कामात काटकसर नको. जनरेटर आणि पंपाचं पॅनेलही वर घ्यावं. पाण्याच्या भूमिगत टाकीचं तोंड उंच करून घट्ट झाकण बसवावं. पूर येणार म्हटलं की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची, याला तर पैसाही लागत नाही.

ब विंगचं पार्किंग बंदिस्त करून ऑफिस काढायचा जो विचार चालू आहे, तो सोडून द्यावा. ती जागा मोकळी आहे म्हणून पाणी तिथून निघून गेलं, आणि बंद केली तर ते बांधकामही बेकायदा ठरेल.

‘धरणं अजून निम्मीच आहेत, घाबरायचं कारण नाही,’ असं सचिवसाहेब दर जुलैत लिहितात. टक्केवारी खडकवासला साखळीतल्या चार धरणांची एकत्र असते. वरच्या बाजूची पानशेत आणि वरसगाव मिळून २३ टीएमसीहून (अब्ज घनफुटांहून) जास्त, पण नदीत पाणी सोडतं ते खडकवासला, आणि त्याची क्षमता दोन टीएमसीसुद्धा नाही. त्याच्या जवळच्या पाणलोटात एक रात्र जोराचा पाऊस झाला की वरची धरणं रिकामी असोत वा नसोत, दरवाजे उघडावेच लागतात. गेल्या जुलैत विसर्ग ३५ हजार क्युसेकवर गेला होता, म्हणजे सेकंदाला साधारण दहा लाख लिटर. तेव्हा टक्केवारी सोडा, विसर्गाचा आकडा बघा. जून ते सप्टेंबर रात्रपाळीच्या वॉचमनबरोबर एका सभासदाची पाळी लावा आणि गाड्या कधी हलवायच्या, तो आकडा आधीच ठरवा.

विमा : गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा सक्तीचा आहे. आपल्या पॉलिसीत पूर आहे, की हप्ता वाचवायला ते कलम वगळलं आहे, ते पाहून प्रत फलकावर लावावी. सभासदांनी घरातल्या सामानाचा विमा वेगळा काढावा. गाडीचा विमा सर्वसमावेशक असला, तरी पाण्यात चालू केल्यामुळे बिघडलेल्या इंजिनाची भरपाई जादा कव्हरशिवाय सहसा मिळत नाही. पाण्यातून निघालेल्या गाडीला चावी लावू नका.

वरच्या मजल्यांवरून एक प्रश्न नक्की येईल : आमच्या घरात पाणी आलंच नाही, मग आम्ही का द्यायचं? तळमजल्याची सहा घरं इतकी वर्षं लिफ्टचा खर्च आपल्याइतकाच देतात. मी स्वतः तिसऱ्या मजल्यावर राहतो. पैसे दुरुस्ती निधीतून घ्या, अपुरे पडले तर सगळ्यांकडून समान काढा.

भिंतीचा ठराव मागे घेऊन वरील कामांचा ठराव सभेपुढे यावा आणि हे पत्र इतिवृत्ताला जोडावं, ही विनंती. व्हॉल्व्ह आणि मीटरच्या कामाची तीन कोटेशनं मी आणून देतो. ठेकेदारांत माझा कोणी नातेवाईक नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे सभेत तो विषय निघायला नको.

आपला,
एक सभासद, अ विंग, तिसरा मजला