जॉबरलाही महाविद्यालयाचे दार उघडे हवे

मा. संपादक,
स. न.

उद्योग आणि महाविद्यालये यांच्यातील सामंजस्य करारांच्या बातम्या आपल्या दैनिकात वरचेवर वाचायला मिळतात. सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेलचा कारखाना चालवणारा कारखानदार या नात्याने त्यासंबंधी काही मांडावेसे वाटते.

गेल्या वर्षी एका तंत्रनिकेतनाचे चार विद्यार्थी माझ्याकडे पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणासाठी आले होते. विणकामाची आकृती त्यांना बिनचूक काढता येत होती. पण ताण्याचा, म्हणजे उभा, तुटलेला धागा गाठ मारून फणीतून ओवून घेणे चौघांपैकी एकालाच, तेही कसेबसे, जमले. माल पाठवण्याच्या घाईत मीही त्यांना टॉवेल मोजायला बसवले आणि शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रांवर सही केली. त्या सहीची रुखरुख मला अजून आहे.

माग जुळवून आणि दुरुस्त करून चालते ठेवणाऱ्या माझ्या जॉबरची अडचण नेमकी उलट आहे. साध्या यंत्रमागावर उभी हयात घालवलेला हा माणूस आवाजावरून बिघाड ओळखतो. मात्र धोट्याशिवाय चालणारा आधुनिक रॅपियर माग आणल्यावर पडद्यावर उमटलेली इंग्रजी सूचना त्याला वाचता आली नाही आणि बाहेरगावचा तंत्रज्ञ येईपर्यंत माग तीन दिवस बंद राहिला. बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, सेन्सरवर कापसाची धूळ बसली होती, एवढेच कारण निघाले. ती पुसायला पाच मिनिटेही लागली नाहीत.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे बंधनकारक आहे. त्याहून लहान, पण किमान चार कामगार असलेल्या कारखान्यांना ते ऐच्छिक आहे. विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकारही देते. तरीही शिकवायला स्वतंत्र माणूस ठेवणे छोट्या कारखान्याला एकट्याने परवडत नाही, म्हणून आठ-दहा कारखान्यांनी मिळून एका महाविद्यालयाशी करार करावा आणि विद्यार्थ्याला सलग सहा महिने मागावर उभे राहू द्यावे, असे मला वाटते. शिकवणाऱ्या प्राध्यापकांनीही सुटीतला एखादा महिना कारखान्यात काढला, तर फार बरे होईल.

त्याच करारात जॉबर आणि कामगारांच्या शिक्षणाचे कलम असायला हवे. सायंकाळी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा रिकाम्या असतात. तेथे त्यांचे वर्ग घेता येतील. आपल्याकडील अनेक विणकर घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड. तेव्हा शिकवणे मराठीबरोबर तेलुगूतही व्हावे आणि पडद्यावरील सूचनांचा अर्थ सांगणारा तक्ता त्यांच्याच लिपीत मागाजवळ लावावा. येथे मजुरी बहुतांशी नगावर मिळते. शिकायला गेलेल्या कामगाराचे तेवढे पैसे बुडतात. घर चालवणारा माणूस ते सोसून वर्गात बसेल, अशी अपेक्षा आपण कारखानदारांनी ठेवणे न्यायाचे नाही. त्या तासांची मजुरी मालकानेच द्यावी.

सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोहोंना भौगोलिक मानांकन आहे आणि त्या नावाची भिस्त याच हातांवर आहे. माझ्या कारखान्यातील दोन माग आठवड्यातून एक दिवस विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवण्याची आणि माझ्या जॉबरांना भरपगारी शिकायला पाठवण्याची माझी तयारी आहे. वसाहतीतील इतर कारखानदारांनी आणि शहरातील महाविद्यालयांनी नवे सत्र सुरू होण्यापूर्वी एकत्र बसावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक टॉवेल उत्पादक, अक्कलकोट रोड, सोलापूर