बांधावरच्या ब्राह्मीची नोंद करण्यासाठी मदतीचे आवाहन

जांबोटी-कणकुंबी परिसरातील ग्रामस्थ, तसेच नोकरीधंद्यानिमित्त बेळगाव, गोवा, पुणे येथे असलेल्या आपल्या मंडळींस सप्रेम नमस्कार.

अंगावरून वारं गेलेल्या, म्हणजे पक्षाघात झालेल्या माणसाला झाडपाल्याचा रस देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पक्षाघातात होते तसा मेंदूचा रक्तपुरवठा रोखून केलेल्या प्रयोगांत ब्राह्मी व मंडूकपर्णीचा अर्क, तसेच हळदीतील कर्क्युमिन दिलेल्या उंदरांच्या मेंदूची हानी कमी झाल्याचे संशोधकांना आढळले आहे. माणसांच्या बाबतीत मात्र ते अजून सिद्ध झालेले नाही.

संशोधनाला योग्य वनस्पती मिळावी लागते आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. आपल्याकडे ‘ब्राह्मी’ म्हणून दोन वेगळ्या वनस्पती खुडल्या जातात : एकीची पाने नखाएवढी, जाडसर आणि फुले फिकट जांभळट, दुसरीचे गोलसर पान लांब देठावर उभे असते, ती मंडूकपर्णी, आपल्या कन्नड शेजाऱ्यांची ओंदेलग. म्हणून २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली ठेवल्या जाणाऱ्या गावाच्या जैवविविधता नोंदवहीत, जाणकारांच्या संमतीने आणि त्यांच्याच नावाने, प्रत्येक वनस्पतीची दोन्ही भाषांतील नावे, जागा व उपयोग लिहावेत आणि वाळवलेले नमुने बेळगावच्या राष्ट्रीय पारंपरिक औषधी संस्थेतील तज्ज्ञांना दाखवावेत, असे आमच्या समितीने ठरवले आहे.

तोवर एक कळकळीची विनंती. गेल्या पावसाळ्यात एका घरी आजोबांचे तोंड वाकडे झाले. घरच्यांनी मायेने रस वाटून पाजला, तो गिळता न आल्याने छातीत गेला, आणि दवाखाना गाठेपर्यंत दुपार झाली. अशा वेळी तोंडात पाणीसुद्धा घालू नये, लगेच १०८ ला फोन करावा. पक्षाघाताच्या मोठ्या झटक्यात मेंदूतील सुमारे १९ लाख चेतापेशी मिनिटाला मरतात आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. हे सांगणारे फलकही याच निधीतून प्रत्येक वाडीत लावायचे आहेत.

टिपकागद, नमुने दाबण्याच्या लाकडी फळ्या, प्रवासखर्च आणि फलक यांसाठी यथाशक्ती देणगी द्यावी व समितीच्या सभासदांकडून पावती घ्यावी. ज्यांना पैसे देणे जमणार नाही, त्यांनी रानातले पान ओळखणाऱ्या आपल्या आजीकडे आम्हांला एक सकाळ घेऊन जावे.