झोपेत मेंदू स्वस्थ बसत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्यविषयक पुरवणीतील मेंदू आणि झोप यांवरचा लेख आस्थेने वाचला. या विषयाला पानभर जागा दिल्याबद्दल आपले आभार मानतो. मात्र ‘झोपेत मेंदू विश्रांती घेतो’ हे त्यातील विधान मला खटकले. झोप म्हणजे रिकामा वेळ, असा समज अशा विधानांतूनच घट्ट होतो आणि मग परीक्षा जवळ आली किंवा काम वाढले की सर्वांत आधी कात्री झोपेलाच लागते.

जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतील विद्युत लहरींची पहिली नोंद केली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. जागेपणी डोळे मिटून शांत बसलेल्या माणसाच्या आलेखात सेकंदाला साधारण ८ ते १३ आवर्तनांच्या अल्फा लहरी दिसतात आणि डोळे उघडताच त्या दबतात, हे त्यांनीच दाखवले. गाढ झोपेत मेंदू खरोखर बंद पडत असता, तर हा आलेख जवळजवळ सपाट व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तेथे संथ, पण जागेपणीपेक्षा कितीतरी उंच अशा डेल्टा लहरी उमटतात, कारण असंख्य चेतापेशी एकाच तालात क्षणभर शांत होतात आणि पुन्हा एकदम सक्रिय होतात. या टप्प्यात मेंदूचा ऊर्जावापर घटतो, हे खरे आहे. पण पुढे स्वप्नांच्या झोपेत तो पुन्हा जागेपणाच्या आसपास पोहोचतो. बंद पापण्यांआड डोळ्यांची जलद हालचाल होत असलेली ही झोप शिकागो विद्यापीठातील युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये जगासमोर मांडली.

लेखासोबतच्या आकृतीत मेंदूच्या प्रत्येक भागाला एकेक काम नेमून दिले होते. कामांची अशी स्थाननिश्चिती खोटी नाही. डाव्या अग्रखंडातील, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागातील, इजेमुळे वाचा जाऊ शकते, हे फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्येच दाखवून दिले. परंतु मेंदूत खोलवर असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागाविषयी ‘हिप्पोकॅम्पस म्हणजे स्मृती’ एवढेच लिहून थांबणे पुरेसे नाही. फेफऱ्यावरील उपाय म्हणून १९५३ मध्ये ज्यांचा हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढून टाकण्यात आला, त्या ‘एच. एम.’ या रुग्णाला नव्या घटना लक्षात ठेवता येत नव्हत्या. तरीही बालपणीच्या आठवणी शाबूत होत्या आणि आरशात पाहून आकृती गिरवण्याचे कौशल्य ते सरावाने शिकले, जरी आदल्या दिवशीचा सराव त्यांना आठवत नसे. म्हणजे स्मृती एका जागी साठत नाही, आणि हिप्पोकॅम्पसमध्ये ताज्या असलेल्या आठवणी बाह्यकात, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात, मुरण्यासाठी झोपेची मोठी मदत होते. त्या वेळी बाह्यकातील संथ लहर, मेंदूच्या मध्यभागातील थॅलॅमसमधून उठणारी जलद लहरींची छोटी मालिका आणि हिप्पोकॅम्पसमधील अतिजलद तरंग यांचा मेळ बसतो, आणि दिवसभरातील अनुभवांच्या वेळी ज्या क्रमाने पेशी सक्रिय झाल्या होत्या, तो क्रम पुन्हा उमटतो. मला या साऱ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटते ते हेच. झोप केव्हा यावी, हे ठरवण्यात थॅलॅमसखालच्या हायपोथॅलॅमसचा मोठा वाटा असतो, आणि स्वप्न पाहताना हातपाय हलू नयेत म्हणून मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा मस्तिष्कस्तंभ स्नायूंना जवळजवळ लुळे ठेवतो. यांपैकी कोणताही भाग एकट्याने झोप घडवत नाही.

म्हणूनच ‘दोन तास कमी झोपलो तर काय बिघडले’ हा हिशेब चुकीचा आहे. झोपेचे सुमारे दीड-दीड तासांचे फेरे सारखे नसतात: गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात अधिक असते, तर स्वप्नांची झोप पहाटेकडे लांबत जाते. आठ तास झोपणारी व्यक्ती गजर लावून सहा तासांतच उठते, तेव्हा तिची एकूण झोप चतुर्थांशाने घटते, पण स्वप्नांच्या झोपेतील घट त्याहून बरीच मोठी असते. पहाटे लवकर उठवून मुलांना अभ्यासाला बसवणाऱ्या पालकांनी त्यांची रात्रीची झोपण्याची वेळ तितकीच अलीकडे आणली नाही, तर आदल्या दिवशीच्या अभ्यासाचेच नुकसान होण्याची शक्यता असते.

लेखाच्या शेवटी स्मरणशक्ती वाढावी म्हणून ‘अल्फा लहरी वाढवणाऱ्या’ संगीताची शिफारस होती. डोक्याच्या त्वचेवर नोंदली जाणारी लहर ही आतल्या लक्षावधी पेशींच्या सामूहिक कामाची बाहेर उमटलेली खूण आहे. तेवढ्याच आवर्तनांचा ध्वनी कानी पडल्याने ते काम सुधारते, असे आपोआप सिद्ध होत नाही. कोणाला असे संगीत ऐकून निवांत वाटत असेल, तर त्यास माझा आक्षेप नाही. परंतु स्मरणशक्ती वाढण्याचा दावा छापण्यापूर्वी तो किती लोकांवर, कशाशी तुलना करून तपासला गेला, हे आपल्या संपादक विभागाने लेखकाला विचारावे आणि मिळालेले उत्तर लेखातच द्यावे, ही विनंती.

कळावे,
आपला एक नियमित वाचक