सोड्याचा ज्वालामुखी पुरे, आता बोअर घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्टी जवळ आली की पुण्यात उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. विज्ञान शिबिर असेल तर खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा फसफसणारा ज्वालामुखी ठरलेलाच. मुले खूश, पालक फोटोत दंग. पण पुण्याखालचा दगड असल्या शंकूतून आलेलाच नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वाहिला, पसरला, थिजला आणि त्यावर पुढचा लोट आला. पर्वती, वेताळ टेकडी, सिंहगड ही सगळी त्याच थरांची रास. मग मुलांना थर कसे शोधतात ते का शिकवू नये?

आठवीच्या भूगोलात ‘पृथ्वीचे अंतरंग’ हा धडा आहे. भूकवच, प्रावरण, गाभा अशी रंगीत वर्तुळे मुले सुबक काढतात. हे कळले कसे, असे विचारणारा एखादाच. माणसाने पाडलेले सर्वांत खोल छिद्र रशियातल्या कोला द्वीपकल्पावर आहे, १२,२६२ मीटरचे. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७१ किलोमीटर! उरलेले बहुतेक ज्ञान भूकंपलहरींवरून बांधलेले अनुमान आहे, आणि अनुमान कसे बांधायचे हे वर्तुळे रंगवून येत नाही.

शाळेत शिकवत असताना मी एक खेळ घेत असे, आता सोसायटीतल्या मुलांबरोबर घेते. आइस्क्रीमच्या अपारदर्शक डब्यात वेगवेगळ्या रंगांच्या शाडूचे थर भरायचे. (कणीकही चालते, पण घरातल्या आज्या रागावतात. शाडू गणपतीनंतर उरतोच.) एक थर मुद्दाम तिरका, एक मध्येच संपणारा. वरून सपाट केले की काही दिसत नाही. मुलांनी मिल्कशेकची जाड नळी सरळ खाली दाबायची, किंचित फिरवून वर काढायची आणि कात्रीने उभी कापायची. आत थरांचा नमुना मिळतो. भूवैज्ञानिक दगडाचा असाच दंडगोल काढतात, त्याला कोअर म्हणतात. कोणता रंग किती खोलीवर लागला ते आलेखाच्या कागदावर मांडायचे आणि दोन छिद्रांमधली रेषा आपल्या अकलेने जोडायची.

खरी गंमत खोट्या नोटांची. प्रत्येक बोअरचे पैसे पडतात, त्यामुळे कुठे भोक पाडायचे यावर गटात कडाक्याचे वाद होतात. शेवटी सुरीने डबा वरून खाली उभा कापला की मध्येच संपलेला तो थर दिसतो, आणि रेषा सरळ ओढणाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. पुस्तकातल्या आकृतीवर मुलांनी असा वाद घातलेला मला तरी आठवत नाही.

पुणेकरांना या वादाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. एका सोसायटीच्या बोअरला पाणी लागते, शेजारची कोरडी जाते. अखंड, घट्ट बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या आपल्या काळ्या दगडात, पाणी जवळपास नसते. ते झिजलेल्या, भेगाळलेल्या किंवा सच्छिद्र थरात साठते आणि तो थर सगळीकडे सारख्या खोलीवर नसतो. तरीही आपण तळहातावर नारळ धरून फिरणाऱ्या पाणाड्याला बोलावतो. नळीने चार भोके पाडलेली मुलगी निदान विचारेल, ‘काका, खाली कोणता थर आहे?’

कोयनेचे उदाहरणही मुलांना सांगावे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर त्या परिसरात धक्के थांबलेले नाहीत. कारण शोधण्यासाठी तिथे ३ किलोमीटर खोल छिद्र घेतले गेले. सुमारे १,२५० मीटरवर बेसाल्ट संपला आणि खाली ग्रॅनाइटसारखा कितीतरी जुना खडक लागला.

माझ्या दोन सूचना आहेत. भुयारी मेट्रोसाठी खोदण्याआधी काढलेले दगडाचे नमुने कुठे जपून ठेवलेले असतील, तर त्यातले काही एखाद्या भुयारी स्थानकात काचेमागे, खोली लिहून मांडावेत. दुसरी सूचना सोसायट्यांसाठी. बोअरचे यंत्र चालू असताना बाहेर उडणारा भुगा दर दहा फुटांना बदलतो का ते पाहावे. काळ्याचा तांबडा झाला, तर बहुधा दोन लोटांमधला मातकट थर लागला असे समजावे. मूठभर भुगा कागदी पुडीत बांधून, वर खोली लिहून जवळच्या शाळेत द्यावा. खर्च पुड्यांचा तेवढा.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
कोथरूड, पुणे