बाबांच्या उजव्या हाताला काम द्या

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर हे सगळं सांगणं काही होत नाही. आई म्हणते "सगळं ठीक आहे, तू तुझं पाह", आणि बाबा हं हं करून फोन परत आईकडेच देऊन टाकतात, म्हणून आज सुट्टी आहे तर बसून लिहून राहिली आहे. दादाला सांगितलंय मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे म्हणून. बाबा, तुम्ही स्वतः वाचा, आणि कागद टेबलावर ठेवून उजव्या हाताखाली दाबून धरा, तेवढंच काम त्याला.

दादानी पाठवलेला व्हिडिओ मी परत परत पाहिला. खांदा उचलता येतोय, कोपर सरळ होतंय, मनगट पण जरासं वर येतंय. लकव्याच्या झटक्यानंतर दवाखान्यातून सुट्टी झाली तेव्हा हा हात नुसता लोंबत होता, आठवतं ना? मला तर एवढा आनंद झाला की इथे आमच्या ऑक्युपेशनल थेरपीच्या डिपार्टमेंटमधे सगळ्यांना दाखवला. पण तुम्ही दादाला म्हणाले म्हणे की "पाय आला, हात काही आता येत नाही", ते ऐकून फार वाईट वाटलं मला. बाबा, तुमच्या मेंदूत डाव्या बाजूच्या मधल्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. ती वाहिनी हाताच्या आणि चेहऱ्याच्या भागाला रक्त देते, पायाच्या भागाला बरंचसं रक्त दुसऱ्याच वाहिनीतून येतं, म्हणून अशा झटक्यात पाय आधी सुधारतो आणि हात मागे राहतो. आणि हातातही बहुतेक वेळा आधी खांदा, मग कोपर, मग मनगट आणि बोटं सगळ्यात शेवटी. बोटांचं काम सगळ्यात बारीक आहे ना, त्यांना वेळ लागतोच. तुमचं जे चाललंय ते याच क्रमानी चाललंय.

आता तो बॉल. समोरच्या काकांनी प्रेमानी आणून दिला हे मला माहीत आहे, पण तो बाजूला ठेवा. दिवसभर टीव्हीसमोर तो दाबत बसता तुम्ही. तुमची बोटं मिटण्यात कमी नाहीतच, ती मिटूनच राहतात, अडतंय ते उघडण्यात. आपण पाण्याचा ग्लास घ्यायला हात पुढे करतो तेव्हा ग्लासपर्यंत पोचायच्या आधीच, अर्ध्या वाटेच्या पुढे गेलं की बोटं ग्लासच्या मापानी उघडलेली असतात, आई तू आज स्वतःचा हात पाहून घे चहाचा कप उचलताना. बाबांचं तेच राहतंय, हात मुठीसकट जाऊन ग्लासला धडकतो. म्हणून आमचं सगळं लक्ष आता वस्तू सोडण्यावर पाहिजे. धरली की डब्यात सोडायची. रिकामा प्लास्टिकचा ग्लास धरा, उचला, दुसरीकडे ठेवा आणि मुद्दाम सावकाश बोटं उघडून हात काढून घ्या, हे बॉलपेक्षा कितीतरी कामाचं आहे.

आणि हे करताना पाठ खुर्चीला टेकलेली पाहिजे. व्हिडिओत तुम्ही खांदा कानापर्यंत नेता आणि सगळं अंग पुढे झोकता, म्हणजे हाताचं काम कंबर करते. ग्लास जवळ ठेवा, इतका जवळ की न वाकता हात पोचेल. रोज थोडा थोडा लांब सरकवा.

बाबा, तुम्ही हिंगण्याच्या वर्कशॉपमधे एवढी वर्षं फिटर होते, तुम्हाला पकड समजावून सांगणं म्हणजे मलाच जरा अवघड वाटतं. जॉन नेपियर नावाच्या इंग्रज डॉक्टरनी 1956 मधे हाताच्या पकडीचे दोन मोठे प्रकार सांगितले, ताकदीची पकड आणि बारकाईची पकड, आम्हाला फर्स्ट इयरला हेच शिकवतात आणि मला तेव्हा तुम्हीच आठवले होते. गंजलेला नट सोडवताना तुम्ही पाना सगळ्या मुठीत घ्यायचे, अंगठा वरून दाबलेला. नट सैल झाला की पाना खाली ठेवून तोच नट अंगठा आणि दोन बोटांच्या टोकांनी फिरवत काढायचे. नट तोच पण काम बदललं की हातानी पकड बदलली. म्हणून मी दादाला सांगितलंय की मोठे नट-बोल्ट आणून दे, अंगठ्याएवढे जाड, लाकडी फळीला पक्के लावून. डाव्या हातानी फळी धरायची, उजव्यानी नट फिरवायचा. सुरुवातीला अर्धा फेरा झाला तरी चालेल. या हाताला ते काम माहीत आहे, नवीन शिकवायचं नाही आहे त्याला.

आई, आता तुझ्याशी बोलते. रागावू नको. तू बाबांना भरवते, बटणं लावून देते, भांग पाडून देते, चष्मा पण तूच डोळ्यावर ठेवते. तुझा जीव तुटतो हे मला इथे बसून दिसतं गं. पण एडवर्ड टॉब नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की अधू हात वापरला नाही तर मेंदू तो न वापरायलाच शिकतो, म्हणजे ताकद परत आली तरी माणूस तो हात पुढे करत नाही. त्यांच्या पद्धतीत चांगल्या हाताला दिवसाचा बहुतेक वेळ जाड मोजा घालून ठेवतात आणि सगळी कामं अधू हाताकडून करून घेतात. 2006 मधे या पद्धतीच्या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले, झटका येऊन 3 ते 9 महिने झालेली 222 माणसं होती त्यात, आणि दोन आठवडे असं करून घेतलेल्यांचा हात बाकीच्यांपेक्षा जास्त सुधारला, वर्षभरानंतरही तो फरक दिसत होता. बाबा आता याच महिन्यांमधे आहेत, म्हणून मी एवढी मागे लागली आहे. फक्त मोजा तुम्ही घरी आपल्या मनानी घालू नका. बाबांची काठी डाव्या हातात असते, पडले म्हणजे? त्यासाठी मनगट आणि बोटं आपली आपण ठराविक उचलता यावी लागतात, ते तपासूनच ठरवतात. आपण घरी एवढंच करू की सकाळच्या चहानंतर एक तास उजव्या हाताचा, त्या तासात तू स्वैपाकघरातून बाहेर यायचंच नाही. पाच मिनिटं लागली एका बटणाला तर लागू दे.

जेवणाचं सांगते. ताटाखाली ओला नॅपकिन पसरव म्हणजे ताट सरकणार नाही. उभ्या काठाचं ताट घे. चमच्याचा दांडा जाड कर, एसीच्या पाईपवर काळं फोम असतं ना, ते सीताबर्डीला हार्डवेअरवाल्याकडे मिळून जाईल, कापून दांड्यावर चढवायचं. पातळ दांडा धरायला बोटं फार मिटावी लागतात, जाड दांडा सहज धरल्या जातो. आधी वरणभात चमच्यानी, कालवलेला, जरा घट्ट. पोळी लगेच नको. एका हातानी पोळी तोडणं फार अवघड कारागिरी आहे, मधलं बोट पोळी दाबून धरतं आणि अंगठा आणि पहिलं बोट मिळून तुकडा ओढून काढतात, एकाच हाताची बोटं उलट दिशेला ओढतात. आम्ही शिकतो ती पुस्तकं बाहेरच्या देशातली, त्यात काटे-चमचे असतात, पोळी नसते, आणि मला हे नेहमी खटकतं कारण आपल्या माणसाला जेवण म्हणजे हातानीच. ते आपण करून घेऊ, नक्की करून घेऊ, पण नंतर. तर्री किंवा गरम चहा उजव्या हातात अजिबात देऊ नको, स्पर्श कमी आहे, चटका बसलेला कळणार नाही. आंघोळीचं पाणी पण डाव्या हातानी पाहायचं.

मृग बहाराची संत्री आली असतील ना बाजारात? रोज दोन आणा. आपल्या नागपुरी संत्र्याचं साल सैल असतं, हाताच्या व्यायामाला याच्यापेक्षा चांगली वस्तू मला इथे शोधून मिळत नाही. पहिले आठ दिवस बाबांनी संत्रं उजव्या हातात नुसतं धरायचं, तळवा वर करून, बोटं गोलाईवर पसरलेली, आणि डाव्या हातानी सोलायचं. मग उलटं, डाव्यात धरून उजव्या अंगठ्यानी साल ढकलायचं, देठाजवळ तू जरासं उकलून दे. मग फोडी वेगळ्या करणं. बिया काढणं सगळ्यात शेवटी, ते टोकाच्या चिमटीचं काम आहे. हाताच्या कामातलं जवळपास 40 टक्के काम एकट्या अंगठ्याचं धरतात, म्हणून मला अंगठा हलताना पाहायचा आहे, बाकीची बोटं मागून येतील.

तळहात धुताना किंवा नखं कापताना मूठ उघडत नाही म्हणून तू बोटं खेचते, तसं करू नको, दुखतं आणि मूठ अजून आवळते. आधी मनगट हळूच खाली वाकव, बोटं आपोआप सैल पडतील, मग अंगठा मुळापासून धरून बाहेर घे, टोकाला धरून नाही. आणि बाबांना उठवताना कोणीही, दादानी सुद्धा, उजव्या बगलेत हात घालून ओढायचं नाही, खांद्याचे स्नायू अजून ढिले आहेत, सांधा सरकतो आणि मग महिनोन्‌महिने खांदा दुखतो. शर्ट घालताना उजवी बाही पहिले, काढताना उजवी शेवटी.

बाबा, तुम्ही विचारलं होतं की तुम्ही लोक म्हणजे फिजिओवालेच ना. आमचं ऑक्युपेशनल थेरपीचं वेगळं आहे, आम्ही विचारतो की तुम्हाला दिवसभरात काय करायचं आहे आणि त्या कामातूनच हात तयार करतो. कमला निंबकर बाईंनी 1950 मधे मुंबईत केईएम हॉस्पिटलला हे शिक्षण सुरू केलं, आणि मला आपल्या नागपूरच्या मेडिकल कॉलेजमधेच शिकायला मिळालं, तुम्ही तेव्हा सगळ्या वर्कशॉपला पेढे वाटले होते. तिथे दर आठवड्याला दादासोबत जात जा. तिथे ते लहान लहान ठोकळे एका खणातून दुसऱ्यात एका मिनिटात किती टाकता ते मोजतील, पकडीचे किलो मोजतील, ते आकडे त्यांच्यासाठी आहेत. कमी आले तर मनाला लावून घेऊ नका.

मला तुमच्याकडून एक उत्तर पाहिजे. बँकेत तुम्हाला डावा अंगठा उमटवावा लागला, दादा म्हणाला त्यानंतर तुम्ही घरी येईपर्यंत काही बोलले नाही. सही परत यायला हवी आहे का तुम्हाला? का आधी हातानी जेवणं? का दाढी? जे तुम्ही म्हणाल त्याचीच तयारी पहिले करू, मी ठरवणार नाही. सहीचं म्हणाल तर जाड स्केच पेन आणि नातवाची पाटी घ्या, अक्षरं हाताएवढी मोठी काढा, रेघ वाकडी गेली तरी पुसू नका, मला फोटो पाठवा.

रविवारी नवीन व्हिडिओ पाठवा. समोरून नको, उजव्या बाजूनी घ्यायला सांगा दादाला, कोपर आणि मनगट दोन्ही दिसलं पाहिजे, आणि आई, तू मधे हात घालायचा नाही. होळीला येतेच आहे मी, तेव्हा स्प्लिंटचं, म्हणजे हाताला आधार द्यायच्या पट्टीचं, माप घेते, तोपर्यंत रात्री हात उशीवर ठेवून झोपत जा म्हणजे सूज उतरेल. आईनी स्वतःच्या बीपीच्या गोळ्या घेतल्या का ते बाबा तुम्ही पाहायचं.

तुमची,
छोटी